मामीला घाट चढवणारा लॅपटॉप

आमचे भिमाजीमामा एसटीत ड्रायव्हर होते आणि आमच्या सवितामामीला गाडी लागते. त्यांचा सगळा संसार खरं तर या एका वाक्यात बसतो, पण तुम्हाला घाई नसेल तर जरा सविस्तर सांगतो.

मामीला गाडी लागते म्हणजे साधीसुधी लागत नाही. नाशिकहून नामपूरला माहेरी जायचं म्हटलं की आदल्या दिवशीपासून तिचं जेवण कमी होतं. पदराला ओव्याची पुरचुंडी, मुठीत लिंबू, मांडीवर पिशवी, आणि खिडकीची जागा नसेल तर माहेरच नको. एकदा तर गाडी सुरूही झाली नव्हती. स्टँडवर शेजारच्या गाडीनं धूर सोडला आणि मामी घरी परत. सबंध आयुष्यात ती नवऱ्याच्या गाडीत दिंडोरीच्या पुढं बसलेली नाही. हलवायाच्या बायकोला गोड चालत नाही तशातला प्रकार, पण हलवाई निदान रात्री घरी तरी येतो.

मामा येत नसत. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांच्याकडं नाशिक–धोंडपाडा मुक्कामी गाडी होती. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात पोहोचते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि पहाटे गावकऱ्यांना घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टरही तिथंच झोपतात. धोंडपाडा म्हणजे कळवणच्या पुढं, घाटापलीकडं, डोंगराच्या कुशीतला पाडा. रस्ता तिथंच संपतो. त्या बारा वर्षांतल्या मामांच्या निम्म्या रात्री तिथं गेल्या. मामी विचारायची, "तिकडं आहे तरी काय हो?" मामा म्हणायचे, "गाव आहे." वर्णन करणं हा मामांचा प्रांतच नाही. माणूस स्टीअरिंगवर जितका मोकळा, तितका तोंडानं बंद.

मग मामा रिटायर झाले. पहिले काही दिवस त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या स्कूटर सरळ रेषेत लावून काढले. पुढं काय, हा प्रश्न मी सोडवला आणि त्याची फळं अजून भोगतोय. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहतो. त्यांच्या मुलीचा, वेदिकाचा, कॉलेजातला जुना लॅपटॉप पडून होता, त्याच्यावर मी बस चालवायचा एक गेम टाकून दिला. मामांनी पाच मिनिटं गाडी चालवली, थांबवली, आणि चेहरा वाकडा केला.

"भाचेबुवा, हा रस्ता कुठला?"

"परदेशातला असेल."

"तरीच. एवढ्या वेळात एक म्हैस आडवी आली नाही."

त्या गेममध्ये आपल्या आपण गाड्या रंगवता येतात, रस्ते बनवता येतात, हे मी बोलून गेलो. झालं. साठीच्या माणसानं चष्मा लावून, यूट्यूबवरचे हिंदी धडे थांबवून थांबवून, आधी लाल गाडी रंगवली. काचेवरची पाटी, मागच्या बाजूचा ओरखडा, दाराशी चढायचा घासलेला दांडा, सगळं. ती त्यांनी इंटरनेटवर टाकली. आता महाराष्ट्रभरची पोरं ती गाडी पळवतात आणि मामांना आपल्याच वयाचं समजतात. एकानं लिहिलं होतं, 'ब्रो, हॉर्न एक नंबर.' मामांनी उत्तर दिलं, 'धन्यवाद. वाहन सावकाश चालवावे.' त्यावर पन्नासेक पोरांनी हसून घेतलं. मामा मात्र गंभीर होते.

गाडीनंतर रस्ता. आमच्या म्हसरूळपासून सुरुवात केली. दिंडोरी, वणी, नांदुरी, कळवण. मी चेष्टा करायचो, "मामा, निदान कॉम्प्युटरमधला रस्ता तरी गुळगुळीत करा," तर म्हणायचे, "जे नाही ते दाखवायचं नाही." आणि खड्डा मारायचे. वडाची एक फांदी रस्त्यावर वाकलेली आहे, तिथं गाडी डावीकडं घ्यावी लागते. त्या फांदीवर त्यांनी तीन दिवस घातले. खरं सांगतो, मी ॲनिमेशन शिकलेली पोरं पाहिली आहेत. झाडाखाली बस उभी राहिल्यावर टपावर सावली कशी हलते, ते मामांइतकं मन लावून करणारा मी एकही पाहिला नाही. अर्थात हे त्यांच्या तोंडावर सांगत नाही. फुगतात.

हे सगळं पोरांसाठी चाललंय असं मला वाटत होतं. एक दिवस मामी मंदिरात गेली असताना ते हळूच म्हणाले, "तुझ्या मामीला धोंडपाडा दाखवायचाय. खुर्चीत बसून. लिंबू न घेता."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

अडचण एकच होती. घाट. कळवणपर्यंत जुना लॅपटॉप कसाबसा यायचा. घाट लागला, सागाची झाडं दाट झाली, की गाडी धक्के खायची, चित्र अडकत अडकत पुढं सरकायचं, आणि तिसऱ्या वळणावर लॅपटॉप गपकन बंद. मामांनी झाडं कमी केली असती तर चाललंही असतं. पण जे आहे ते काढायचंही नाही, हा त्याच कायद्याचा दुसरा भाग. त्यामुळं धोंडपाड्याचा नकाशा पूर्ण झालेला, आणि तिथं जायला रस्ता नाही. म्हणजे मामी दोन्ही बाजूंनी अडकलेली. खऱ्या गाडीत पोट अडवतं आणि खोट्या गाडीत लॅपटॉप.

नवा घ्यायचा तर अशा कामाचे लॅपटॉप पेन्शनीच्या पलीकडचे. मामा भाव विचारून यायचे आणि घरी येऊन पाणी प्यायचे. अशात पितृपक्ष लागला.

आपल्याकडं त्या पंधरवड्यात कुणी नवी वस्तू घेत नाही. गणपतीत गजबजलेली कॉलेज रोडची दुकानं एकदम ओस पडतात. तिथल्याच एका दुकानाबाहेर मामांना पाटी दिसली. 'डिस्प्ले पीस. भरघोस सूट. फक्त अमावस्येपर्यंत.' दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. खिशात हार्ड डिस्क. तीत गेम, लाल गाडी आणि अख्खा कळवण तालुका.

"मामीला सांगितलंत?"

"बघायला चाललोय. बघण्याला पितृपक्ष नसतो."

दुकानात विक्रेते जास्त आणि गिऱ्हाईक आम्ही दोघंच. तेजल नावाची मुलगी पुढं आली. हुशार होती, आणि पितृपक्षात गिऱ्हाईक बघून मनापासून खूश झाली होती.

"कुणासाठी हवाय काका?"

मामांनी माझ्याकडं बोट केलं. "याच्यासाठी."

"काय काम करणार यावर?"

"चित्रं काढायची. रस्ते. आणि..." मामांचा आवाज खाली आला, "कधीमधी गेम. हा खेळतो."

माझी आयुष्यभराची अब्रू त्या दुकानात अशी गेली. तेजलनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर बिनकामाच्या भाच्यांना चांगली ओळखीची असते.

सवलतीतले लॅपटॉप तीन होते. पहिल्याच्या कीबोर्डात रंगीत दिवे पळत होते. मामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. डेपोत गाडी ताब्यात घेताना मारायचे तशीच, हात मागं बांधून. "विसर्जन झालं ना? मग हा मंडप का उभा आहे अजून?" दुसरा इतका पातळ आणि हलका, की मामांनी तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. तिसरा करडा, जाडजूड, काही न बोलणारा. त्याच्या कीबोर्डावरची चार अक्षरं पार पुसली गेली होती.

"हे काय?"

तेजल जरा ओशाळली. "डिस्प्लेला होता ना काका, आठ महिने. कॉलेजची मुलं येऊन गेम खेळून जातात. पुढं-मागं, डावं-उजवं याच बटणांनी होतं. म्हणून तर एवढी सूट. पण आतून अगदी नव्यासारखा आहे."

"पॅडल झिजलंय," मामा म्हणाले. पण तक्रारीच्या सुरात नाही. गाडी चाललेली आहे, हे समजल्याच्या सुरात.

तिन्हींवर त्यांनी आधी आपली लाल गाडी उघडून बघितली. पहिल्यावर ती शेंदरी दिसली. "ही मिरवणुकीत चालेल, डेपोत नाही." तेजलनं समजावलं, की काही स्क्रीन सगळे रंग दाखवू शकत नाहीत, चित्रांचं काम असेल तर रंग पूर्ण दाखवणाराच घ्या. करड्यावर लाल नेमका लाल होता. पातळवाल्यावरही ठीक. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता घाट."

तेजलनं गल्ल्यावर बसलेल्या साहेबांकडं पाहिलं. साहेब पेपर वाचत होते. ते म्हणाले, "चालवू दे. गर्दी कुठंय?"

आणि इथं मामांनी ते केलं, जे करायला बारा वर्षं मुक्कामी गाडी चालवलेलाच माणूस लागतो. त्यांनी तिन्ही लॅपटॉपचे चार्जर काढून टाकले. का, तर डोंगरात मुक्कामाची गाडी पहाटे स्वतःच्या बॅटरीवर सुरू झाली पाहिजे. धक्का मारून सुरू होते ती गाडी गाडी नव्हे. बाहेरची मदत काढून घ्या, मग बघा कोण किती पाण्यात.

पहिला दुसऱ्या वळणावर अडखळला. पातळवाला घाट दिसताच रडायला लागला, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नव्हतं. आणि करडा, ज्याच्यावर मामांचा जीव जडला होता, तो चौथ्या वळणापर्यंत गेला आणि धापा टाकू लागला. गाडी दोन हात पुढं, मग थांब. दोन हात पुढं, मग थांब.

मामांनी बटण सोडलं. हार्ड डिस्क काढायला हात पुढं केला. मी त्यांना कित्येकदा चिडलेलं पाहिलंय, पण असं खांदे पडलेलं नाही. मला मामीच दिसली, खुर्चीत बसलेली आणि चौथ्या वळणावर कायमची अडकलेली.

"काका," तेजल म्हणाली, "चार्जर का काढलात?"

मामांनी मुक्कामी गाडीची बॅटरी समजावून सांगितली. तेजलनं सगळं शांतपणे ऐकलं, मग हसू दाबत म्हणाली, "हे लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर मुद्दाम जोर कमी करतात, नाहीतर तासाभरात संपतील. गेम, चित्रं, असलं जड काम नेहमी चार्जर लावून करायचं." आणि तिनं पिन लावली.

करड्यानं एक दीर्घ श्वास घेतला. पंख्याचा आवाज आला. मामांनी कान दिला, मग तळहात त्याच्या कडेला ठेवला, बोनेट तापतंय का बघायला. चौथं वळण. पाचवं. सागाची पानं एकेक सुटी दिसत होती. घाटमाथा आला, पलीकडची दरी उघडली, आणि मामांनी गाडी तिथंच कडेला घेतली. दरीपुढं धोंडपाडा. तो त्यांनी दुकानात उघडला नाही.

"म्हणजे मी डिझेल बंद करून घाट चढवत होतो," ते म्हणाले आणि इतक्या जोरात हसले की साहेबांनी पेपर खाली घेतला. "पोरी, तू हुशार आहेस. गाडी माझ्यासाठी आहे. हा काही खेळत नाही. याला सायकल नीट येत नाही."

अब्रू परत मिळाली. सायकलीची गेली.

आता राहिली मामी. अमावस्या दोन दिवसांवर, आणि करडा एकच. मामांनी फोन लावला. ही नवराबायको तापली की आपसात अहिराणीवर येतात, आणि मामीची अहिराणी फोनमधून दुकानभर ऐकू येते.

"लॅपटॉप? पितरांमा? नवं काही घरमा आनू नका!"

"ते नवं नही शे. वापरेल शे."

"दुकानमा वापरेल कसं? माले येडी समजतस का?"

मामांनी फोन मुकाट्यानं तेजलकडं दिला. त्या मुलीनं नोकरीत आजवर हजार वेळा 'अगदी नव्यासारखा आहे' म्हटलं असेल. आज तिच्यावर उलटी बाजू मांडायची वेळ आली.

"काकू, खरंच जुना आहे हो. आठ महिने रोज लोकांनी हाताळलाय. अक्षरं पण गेलीत... हो, चार... हो, एका कोपऱ्यात ओरखडा आहे, मोठा आहे... नाही, पूजा वगैरे कधीच नाही केली... कुंकू? नाही, कुंकू नाही लावलेलं... शपथ कशाला काकू? बरं, आईशपथ जुना आहे."

पलीकडं बराच वेळ शांतता. शांततेत मामी पितरांशी बोलून घेते, असा माझा अंदाज आहे. मग निकाल आला. जुना असेल तर आणा. पण खोकं आणू नका. खोकं नवं दिसतं, शेजारच्या बघतात.

तर अशा रीतीनं नाशिक शहरातला एक चांगला दणकट लॅपटॉप, चांगल्या सवलतीत, बिनाखोक्याचा, मामांच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या स्कूटरवरून म्हसरूळला आला. मामीनं उंबऱ्यावर टॉवेल उलगडायला लावला, ओरखड्यावर बोट फिरवलं, समाधान झालं, आणि मग आत घेतला.

दुपारी जेवणं झाली. मामांनी टेबल भिंतीशी ओढलं, चार्जर दोनदा तपासला, आणि मामीसाठी खुर्ची लावली.

"बस. धोंडपाड्याला जायचंय."

मामीनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी छताकडं पाहिलं. ती बसली. म्हसरूळ सुटलं. दिंडोरी आली, मामी म्हणाली, "माझी हद्द संपली." वणी गेली, नांदुरी गेली. कळवणच्या बाजारात तिनं टमाट्याच्या गाड्या बघितल्या. ती खुर्चीच्या कडेवर आली होती. मग घाट लागला. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्याला मामीनं टेबल घट्ट धरलं.

"अहो. थांबवा. मळमळतंय."

मी थक्क. घरात, पंख्याखाली, खुर्चीत, मामीला गाडी लागली होती! मामांच्या कामाला याच्याइतकं मोठं सर्टिफिकेट कुणी देऊ शकणार नाही. पण मामांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उठून तिला पाणी दिलं.

"तेव्हा थांबता आलं नसतं," ते म्हणाले. "मागं पाशिंजर असायचे. आता कुणी नाही."

मग तो घाट त्यांनी थांबत थांबत चढवला. प्रत्येक वळणावर गाडी बाजूला. मामी डोळे मिटायची, मग उघडायची, म्हणायची, "चला." मधल्या एका थांब्यावर तिनं विचारलं, ही फुलं कसली. मामांनी सांगितलं. बाहेर सोसायटीत पोरांची क्रिकेटची मॅच सुरू होऊन संपली, तेव्हा कुठं घाटमाथा आला. दरी उघडली. पलीकडच्या उतारावर, भातखाचरांच्या वर, दहा-पंधरा घरं.

धोंडपाडा. गाडी चिंचेखाली उभी राहिली. पुढं रस्ता नव्हता.

मामीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "मारुतीचं देऊळ?" "ते." "पाणी कुठून आणायचात?" "त्या विहिरीवरून." "भाकरी?" "त्या कडेच्या घरातून. चिमणाबाई म्हणून होत्या. नागलीची भाकरी द्यायच्या, आणि मिरची. लय तिखट." असं एकेक. बारा वर्षांत जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं मामा दहा मिनिटांत बोलले.

मग मामी म्हणाली, "आणि तुमची खोली?"

मामांनी गाडीचे दिवे उगाच लावले आणि बंद केले.

"तुम्ही सांगितलं होतं ना, गावानं ड्रायव्हर-कंडक्टरला खोली दिलीय म्हणून. खाट आहे, गोधडी आहे. ती कुठंय?"

मामांनी गाडीचं दार उघडलं, आणि कॅमेरा हळूहळू शाळेकडं फिरवला. एक वर्ग, कौलं, पुढं उघडा ओटा. ओट्यावर एक पथारी. ती त्यांनीच काढली होती, चौकड्याच्या चादरीसकट. जे नाही ते दाखवायचं नाही म्हणणाऱ्या माणसानं खोली काढलीच नव्हती, कारण तिथं खोली नव्हती.

"ओट्यावर?" मामी म्हणाली. "बारा वर्षं? पौष महिन्यात?"

"गाडीत पण झोपायचो. थंडी फार असली की."

"मग खोली कसाले सांगी?"

"तुले झोप लागावी म्हणून," मामा म्हणाले.

मामी उठली. मला वाटलं, आता भांडण. मी जिन्याकडं सरकलो. ती स्वयंपाकघरात गेली, तिथं उगाच दोन भांडी आपटली, आणि पदरानं तोंड पुसत परत आली. खुर्ची मामांच्या आणखी जवळ ओढली.

"खोली बांधा," ती म्हणाली.

"अगं, तिथं खोली नाहीच आहे. खोटं कसं—"

"मला सांगितलीत ना? मग ती आहे. बांधा. शाळेला लागूनच बांधा."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी काहीच मदत केली नाही. त्यांनी नकाशा बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं, चष्मा पुसला, आणि शाळेच्या भिंतीला लागून चार रेघा मारल्या.

"दार तिकडून नको," मामी म्हणाली, "वारं सरळ आत येईल. इकडून घ्या. आणि खाट भिंतीपासून जरा लांब ठेवा, भिंत गार असते."